निस्तेज धातूंची बाजू

धातूंच्या बाबतीत माझं मन निस्तेज धातूंकडे झुकतं. सोन्याचांदीचं कौतुक करायला सगळं जग आहेच. मला शिसं, जस्त, जुनं कथील यांच्याकडे बघत बसायला आवडतं. राखाडी, मंद, कुणाचं लक्ष वेधून न घेणारे हे धातू. त्यांच्याबद्दलचा एक समज मात्र मला नेहमी खटकत आला आहे. काही धातू जात्याच चमकदार आणि काही जात्याच मळकट, असं आपण सहज धरून चालतो.

जात्याच मळकट असा धातू नसतोच. शिशाच्या तुकड्यावर धारदार पातं चालवलं, तर कापलेली बाजू निळसर रुपेरी लखलखते. तिच्यावर राखाडी पापुद्रा नंतर चढतो. सोडियमच्या बाबतीत तर हे डोळ्यांदेखत घडतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत रॉकेलच्या बाटलीतून चिमट्याने उचललेला तो पिवळट, बुळबुळीत, कसलंही रूप नसलेला गोळा मला अजून दिसतो. सुरीने तो कापला आणि आतून चांदी निघावी तसा स्वच्छ चकचकीत छेद समोर आला. त्यात खिडकीचा उजेड दिसतो आहे असं वाटेपर्यंत कडा झाकोळू लागल्या, आणि थोड्याच वेळात सगळं पांढुरकं झालं. धातूचं खरं रूप मी तेव्हा पाहिलं. ते इतकं अल्पजीवी असू शकतं, हेही तेव्हाच कळलं.

म्हणून काही धातू का चमकतात, हा प्रश्न मी जरा उलटा करून विचारते. चमक सगळ्यांकडेच आहे, मग ती कुणाची कशामुळे झाकली जाते?

आधी चमकेबद्दल. काच, मीठ, लाकूड यांच्यातले इलेक्ट्रॉन आपापल्या अणूंना किंवा अणूंमधल्या बंधांना जखडलेले असतात. धातूत मात्र प्रत्येक अणू आपले एखाद-दोन इलेक्ट्रॉन मोकळे सोडून देतो आणि ते सगळ्या तुकड्याचे होऊन हिंडत राहतात. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ पॉल ड्रूड यांनी १९०० मध्ये हे चित्र मांडलं. पुढे क्वांटम सिद्धांताने त्यात पुष्कळ दुरुस्त्या केल्या, पण चमक समजून घ्यायला ते आजही पुरतं. प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर. ती धातूवर पडली की मोकळे इलेक्ट्रॉन तिच्या तालावर हेलकावे घेऊ लागतात, आणि हेलकावणारा इलेक्ट्रॉन स्वतःच प्रकाश सोडू लागतो. या नव्या प्रकाशाचा आत शिरणारा भाग मूळ लहरीला पुसून टाकतो, बाहेर पडणारा भाग आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. परावर्तन म्हणतात ते हेच. आरशात मला माझा चेहरा दिसतो तेव्हा चेहऱ्यावरून निघालेला प्रकाश नुसता आदळून परत आलेला नसतो, धातूच्या इलेक्ट्रॉनांनी तो नव्याने घडवून पाठवलेला असतो. ही गोष्ट मला माहीत होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी तिचं नवल काही कमी होत नाही.

हे सारं घडतं ते पृष्ठभागाच्या अगदी वरच्या थरात, काही दहा नॅनोमीटर खोलीत. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. सोन्याचा वर्ख साधारण १०० नॅनोमीटर जाडीचा असतो, म्हणजे केसापेक्षा शेकडो पटींनी पातळ, आणि तेवढी जाडीसुद्धा जवळजवळ सगळा प्रकाश थोपवायला पुरते. जवळजवळच. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये रॉयल सोसायटीत सोनं आणि प्रकाश यांच्या संबंधावर एक गाजलेलं व्याख्यान दिलं. सोन्याचा वर्ख उजेडासमोर धरून आरपार पाहिलं तर पलीकडचं हिरवं दिसतं, हे त्यांनी बारकाईने तपासलं होतं. वरून पिवळा दिसणारा धातू आतून हिरवा प्रकाश झिरपू देतो.

चमकेतही डावंउजवं असतं, हे कबूल करायला हवं. नीट पॉलिश केलेली चांदी बहुतेक दृश्य प्रकाशाचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग परत पाठवते, ॲल्युमिनियम ९० टक्क्यांच्या आसपास, लोखंड मात्र ५५ ते ६० टक्केच. लोखंडाच्या अणूत मोकळ्या इलेक्ट्रॉनांखाली अर्धवट भरलेली आणखी एक ऊर्जा-पातळी असते. तिथले इलेक्ट्रॉन जवळजवळ सगळ्याच रंगांचा थोडाथोडा प्रकाश गिळून वर उडी मारतात. म्हणून आरशासारखं घासलेलं पोलादही चांदीशेजारी ठेवलं की करडं वाटतं. सोन्यात आणि तांब्यात ही गिळंकृत करण्याची क्रिया ठरावीक रंगापासून सुरू होते, निळ्या-जांभळ्या बाजूला, आणि उरलेला पिवळा-तांबूस प्रकाश तेवढा परत येतो. सोन्याच्या बाबतीत यामागे सापेक्षतेचा सिद्धांत आहे. त्याच्या जड अणुकेंद्राजवळचे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक वेगाने फिरतात, त्यामुळे पातळ्यांमधली अंतरं बदलतात. तसं नसतं तर सोनं चांदीसारखंच पांढरं दिसलं असतं. आणि चांदीची शुभ्रताही आपल्या डोळ्यांपुरतीच. ३२० नॅनोमीटरच्या आसपासच्या अतिनील प्रकाशात चांदीचं परावर्तन एकदम कोसळतं, जवळजवळ नाहीसं होतं. त्या प्रकाशात चांदीचा आरसा निरुपयोगी ठरतो, ॲल्युमिनियमचा चालतो.

पण रोजच्या व्यवहारात जो मळकटपणा दिसतो तो इलेक्ट्रॉनांमुळे क्वचितच असतो. तो बहुतेक वेळा पृष्ठभागाच्या घडणीत असतो.

घरातली ॲल्युमिनियम फॉइल घ्या. तिची एक बाजू चकचकीत, दुसरी मंद. दोन्ही बाजूंना वेगवेगळं काहीतरी लावलेलं असतं अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात फॉइल इतकी पातळ असते की शेवटच्या लाटण्याच्या वेळी दोन पत्रे एकावर एक ठेवून रुळांमधून काढतात, नाहीतर ती फाटते. पॉलिश केलेल्या पोलादी रुळाला जी बाजू टेकते ती चकचकीत होते, जी दुसऱ्या पत्र्याला टेकते ती मंद राहते. धातू तोच, ऑक्साइडचा थरही तोच. फरक फक्त उंचसखलपणाचा. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. पृष्ठभागावरचे चढउतार त्याहून बरेच लहान असतील तर प्रकाशाला ते जाणवतच नाहीत आणि तो एका दिशेने शिस्तीत परततो. चढउतार तेवढे किंवा मोठे झाले की तो दाही दिशांना पसरतो. परत येणारा प्रकाश जवळपास तेवढाच असतो, पण त्यातून चित्र उमटत नाही.

इथे स्वतः करून पाहण्यासारखं काहीतरी आहे. बारीक रेघा असलेली, मंद दिसणारी पोलादाची सपाट वस्तू डोळ्यांच्या पातळीला आडवी धरा आणि तिच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर नजर ठेवून खिडकीकडे पाहा. वरून धुरकट वाटणाऱ्या त्याच पत्र्यात खिडकीची चौकट दिसू लागते. कारण तिरप्या कोनातून येणाऱ्या प्रकाशाला तेच चढउतार ठेंगणे वाटतात. पत्रा सरळ करत आणला की चौकट विरघळते. मंद धातूत आरसा दडलेला असतो हे पटवून देणारा याहून सोपा प्रयोग मला माहीत नाही.

पॉलिश करणं म्हणजे ओरखडे काढून टाकणं नव्हे, मोठ्या ओरखड्यांच्या जागी लहान ओरखडे घालणं. पोलादाची एक पट्टी मी हाताने आरशासारखी घासत बसले होते, तेव्हा हे अंगवळणी पडलं. आधी २२० नंबरचा पॉलिशपेपर, मग ४००, मग ८००, मग १२००. दर वेळी घासण्याची दिशा काटकोनात फिरवायची. आधीच्या दिशेच्या रेघा पूर्ण गेल्याखेरीज पुढचा कागद घ्यायचा नाही, नाहीतर एखादी खोल रेघ शेवटपर्यंत पिच्छा सोडत नाही. बराच वेळ काही सुधारल्यासारखं वाटतच नाही. पट्टी राखाडीची आणखी राखाडी होते, फक्त तो राखाडीपणा मऊ होत जातो. ८०० च्या पुढे कधीतरी तिरप्या नजरेला दिव्याचा पिवळा ठिपका दिसला, मग त्याला कडा आल्या. शेवटी कापडावर लाल पॉलिश घेऊन घासल्यावर अक्षरं वाचता येण्याइतकं प्रतिबिंब उमटलं.

ते लाल पॉलिश म्हणजे आयर्न ऑक्साइडची वस्त्रगाळ पूड. गंजाचाच जवळचा भाऊबंद. सोनं, चांदी, भिंगं, आरसे यांना झळाळी आणायला हीच पूड पिढ्यानपिढ्या वापरली गेली. लोखंडाची चमक जो पदार्थ खातो, तोच बारीक दळून नीट वापरला तर चमक आणतो. पदार्थाला आपण चांगलं-वाईट ठरवून मोकळे होतो, ते किती घाईचं असतं हे मला तिथे जाणवलं.

खडबडीतपणा फार वाढला की धातू मंदही राहत नाही, काळा होतो. खाचाखोचांमध्ये प्रकाश इकडून तिकडे आपटत राहतो आणि दर टप्प्याला थोडा हरवतो. लोखंड एका वेळी साधारण ६० टक्के परत देतं असं धरलं, तर पाच टप्प्यांनंतर ८ टक्के उरतात. म्हणून लोखंडाचा कीस काळपट दिसतो. चांदी दर वेळी फारच थोडं गमावते, त्यामुळे खरबरीत केलेली चांदी काळी न पडता दुधाळ पांढरी दिसते. पण कण तरंगलांबीपेक्षाही बारीक आणि विस्कटलेले झाले की चांदीचाही इलाज चालत नाही. फिल्मवर काढलेल्या जुन्या कृष्णधवल छायाचित्रांमधला काळा रंग हा शुद्ध धातुरूप चांदीचाच असतो. ज्या धातूचा आरसा होतो, तोच धातू, कुठलंही संयुग न होता, केवळ बारीक तंतूंच्या गुंत्यात मांडला गेल्यामुळे, सावलीचा काळोख रंगवतो. धातूच्या रूपाविषयी मी वाचलेल्या सगळ्या गोष्टींत ही मला सर्वांत विलक्षण वाटते.

ॲल्युमिनियमच्या नशिबीही हे आलं. १८२७ मध्ये फ्रीडरिश व्योलर यांनी तो वेगळा केला तेव्हा हाती आली ती राखाडी भुकटी. लहान चकचकीत गोळ्या मिळून त्याचे गुणधर्म नीट मोजता यायला १८४५ साल उजाडलं.

सोल्डरिंग, म्हणजे वितळलेल्या मिश्रधातूने जोड देण्याचं काम, करणाऱ्यांना मळकटपणाचा आणखी एक प्रकार परिचयाचा असतो. मला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुरुस्तीची हौस आहे, त्यामुळे हा प्रकार मी भिंगातून कितीदा तरी पाहिला आहे. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेलं जुन्या पद्धतीचं सोल्डर १८३ अंशांना वितळतं आणि त्याच तापमानाला गोठतं. सोल्डरिंग आयर्न उचललं की थेंब पाऱ्यासारखा चमकत असतो, कारण द्रवाचा पृष्ठताण त्याचा पृष्ठभाग ताणून अगदी सपाट ठेवतो. गोठताना क्षणभर थरथरल्यासारखं होतं आणि चमक जवळपास तशीच राहते. कथील, थोडी चांदी आणि नावापुरतं तांबं असलेल्या लेड-फ्री, म्हणजे शिसं नसलेल्या, सोल्डरचं तसं नाही. तेही वितळलेलं असताना तितकंच लखलखतं. मग एका कडेने धुरकटपणा सरकत येतो आणि बघता बघता सगळा थेंब खरबरीत, बर्फाळ दिसू लागतो. कथिलाचे फांद्या फुटलेले स्फटिक आधी गोठतात, त्यांच्या मधला उरलेला द्रव नंतर गोठताना आकसतो आणि खाली बसतो, आणि स्फटिकांची डोकी वर राहतात. एवढंच. जुन्या सोल्डरवर हात बसलेल्यांच्या डोळ्यांना मंद जोड म्हणजे ‘ड्राय सोल्डर’, म्हणजे कच्चं काम, अशी सवय लागलेली असते. लेड-फ्री जोडाला ती कसोटी लावणं अन्यायाचं आहे. सोल्डर पॅडवर आणि वायरवर पसरून नीट चिकटलं आहे का, कडा अलगद उतरत गेली आहे का, हे बघायचं. चमक बघायची नाही.

आता हवेकडे वळते, कारण बहुतेकांना मळकटपणा म्हटलं की तीच आठवते. आणि इथेच सर्वांत चुकीचा निष्कर्ष निघतो. ज्या धातूवर हवेचा परिणाम होत नाही तो चमकदार राहतो, ज्यावर होतो तो निस्तेज होतो, असं वाटतं. सोन्यापुरतं हे खरं आहे. पण ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा कितीतरी अधिक क्रियाशील आहे. उघडा पडताक्षणी तो ऑक्सिजनशी संयोग पावतो. तरी तो रुपेरी राहतो आणि लोखंड कुजतं. फरक पडतो तो वर तयार होणाऱ्या थराच्या स्वभावामुळे. ॲल्युमिनियमचं ऑक्साइड रंगहीन, पारदर्शक, घट्ट चिकटून बसणारं असतं, आणि जाडी जेमतेम ४ नॅनोमीटरच्या आसपास, प्रकाशाच्या तरंगलांबीच्या शंभराव्या भागाइतकी. ते आपल्याला दिसतच नाही, आणि एकदा बसलं की हवेला आत शिरू देत नाही. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा बरीच जास्त जागा मागतो, त्या ताणाने तडकतो, जुन्या भिंतीच्या पोपड्यांसारखा सुटून येतो आणि खालचा ताजा धातू पुन्हा उघडा पडतो. पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळलं की वर क्रोमियमच्या ऑक्साइडचा असाच अदृश्य थर धरतो. हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ मध्ये बनवलेल्या पोलादापासून स्टेनलेस स्टीलचा जो प्रसार झाला, तो याच थराच्या जोरावर. स्टेनलेस स्टीलवरही हवेचा परिणाम होतो, तत्काळ होतो. तो दिसत नाही म्हणून आपण त्याला निष्कलंक म्हणतो.

थर पारदर्शक पण जरा जाड झाला तर रंग दिसतात. पोलाद तापवत नेलं की त्यावर आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा रंग चढतो. तिथे कुठलंही रंगद्रव्य नसतं. थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळून काही रंग खोडतात, काही उठवतात. चांदीही काळी पडण्याआधी या वाटेने जाते. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडचा अंश अत्यल्प असला तरी तिच्यावर सिल्व्हर सल्फाइड धरतं. पहिली पिवळसर झाक बरेचजण लक्षातही घेत नाहीत.

चांदी उजळण्याची एक युक्ती सर्वत्र सांगितली जाते. सोड्याच्या गरम पाण्यात ॲल्युमिनियमच्या फॉइलला टेकवून ती ठेवायची. युक्ती खरी आहे. गंधक चांदीला सोडतं आणि चांदी पुन्हा धातुरूपात येते, घासून झिजत नाही. पण काळेपणा गेल्यावरही ती वस्तू आधीसारखी झळकत नाही, जरा पिठूळ पांढरी दिसते, आणि लोकांना वाटतं काहीतरी राहिलं. राहिलं काहीच नाही. परत आलेली चांदी सच्छिद्र, अतिसूक्ष्म खडबडीतपणे बसलेली असते. एक मळकटपणा गेला, दुसरा आला. तो घालवायला हलक्या हाताने पॉलिश करावंच लागतं, आणि दर पॉलिशबरोबर थोडी चांदी जातेच. मुलामा दिलेल्या वस्तूंवर तर हा मोह आवरावा. नक्षीच्या उंच जागी आतला धातू उघडा पडला की नव्याने मुलामा दिल्याशिवाय तो झाकता येत नाही.

जस्त आणि शिशाबद्दल तर मी आग्रहाने सांगेन, त्यांना उजळू नये. जस्तावरचा राखाडी थर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे आणि ओलाव्यामुळे बनलेला असतो, आणि पत्रा इतकी वर्षं टिकतो तो त्याच्यामुळेच. नवा गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पत्रा चमकतो तेव्हा त्याचं हे कवच अजून तयार व्हायचं असतं. शिशाचं कवच खरवडण्यात दुहेरी तोटा आहे. धातू उघडा पडतो आणि विषारी धूळ हाताला लागते.

एका गोष्टीकडे मात्र क्वचितच लक्ष जातं. चकचकीत धातूला स्वतःचं असं रूप नसतं. तो भोवतालचं दाखवतो. सगळीकडून सारखा पांढरा उजेड असलेल्या जागेत उत्तम पॉलिश केलेली चांदी ठेवली तर ती सपाट, निर्जीव पांढरी दिसते. धातूच्या वस्तूंची छायाचित्रं काढणारे म्हणूनच शेजारी मुद्दाम काळ्या पट्ट्या उभ्या करतात. काळ्या-पांढऱ्याची सीमा वस्तूवर उमटली की डोळ्यांना चमक जाणवते. पिवळं प्लास्टिक आणि सोनं आपण कसं ओळखतो, याचंही उत्तर अशाच ठिकाणी आहे. प्लास्टिकवरचा चमकता ठिपका दिव्याच्या रंगाचा, पांढरा असतो. सोन्यावरचा ठिपकाच पिवळा असतो.

चमक टिकवण्यासाठी माणसाने सर्वांत जास्त धडपड केली ती आकाशाकडे बघण्यासाठी. परावर्तक दुर्बिणींचे जुने आरसे तांबं आणि कथील यांच्या ठिसूळ मिश्रधातूचे असत. ते दोनतृतीयांशाच्या आसपासच प्रकाश परत देत आणि दमट हवेत झाकोळत. लॉर्ड रॉस यांनी आयर्लंडमध्ये १८४५ मध्ये उभारलेल्या दुर्बिणीचा आरसा ७२ इंचांचा होता, वजन सुमारे तीन टन. त्यांनी असे दोन आरसे बनवले होते, म्हणजे एकाला पॉलिश चालू असताना दुसरा कामावर राहील. १८५० च्या दशकात काचेवर रासायनिक पद्धतीने चांदी चढवता येऊ लागली आणि धातूचे अवजड आरसे मागे पडले. चांदी काळवंडली तर ती धुऊन नवी चढवायची, काचेचा घासूनपुसून मिळवलेला आकार तसाच राहतो. पुढे १९३५ मध्ये अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेतल्या दुर्बिणीच्या १०० इंची आरशावर ॲल्युमिनियमचा थर देण्यात आला. परावर्तन चांदीपेक्षा थोडं कमी, पण तो काळा पडत नाही आणि अतिनील प्रकाशही दाखवतो. आपणहून ऑक्साइडचं कवच चढवून घेणारा धातू इथे चांदीवर मात करून गेला.

जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीचा मुख्य आरसा ज्या १८ आरशांचा मिळून बनला आहे ते बेरिलियम या धातूचे आहेत, राखाडी आणि हलके. त्यांच्यावर सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा थर आहे. साडेसहा मीटर व्यासाच्या त्या अख्ख्या आरशाला मिळून सोनं लागलं ते ५० ग्रॅमपेक्षाही कमी. सोनं निवडलं ते अवरक्त प्रकाशासाठी, कारण तिथे ते जवळजवळ सगळा प्रकाश परत देतं. सोन्याला हवेची भीती नाही, पण ते मऊ असतं आणि त्यावर ओरखडे पटकन उठतात. म्हणून त्याच्यावरही काचेच्या जातीच्या सिलिकॉन डायऑक्साइडचा एक पातळ, पारदर्शक थर चढवलेला आहे.